लष्करी युती नेमकं कोणाला बांधते? शत्रूला की मित्राला?

किल्लेदार (धागाकर्ता)

जून २०२५ मध्ये हेगला नाटो (अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांची लष्करी युती) देशांनी ठरवलं की २०३५ पर्यंत संरक्षण आणि त्याला जोडून येणाऱ्या गोष्टींवर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के खर्च करायचा. त्या बातम्या वाचताना मला सारखा वसईचा तह आठवत होता. तुलना थोडी धाडसी आहे, पण पूर्ण वाचा आणि मग बोला.

ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेला हरवलं. दुसरे बाजीराव पुणं सोडून निघाले ते इंग्रजांच्या आसऱ्याने वसईला पोचले आणि ३१ डिसेंबरला तहावर सही केली. शाळेत आपण ‘तैनाती फौज’ एवढे दोन शब्द पाठ करून पुढे जातो. कलमं मात्र एकेक करून वाचण्यासारखी आहेत. मदत म्हणाल तर किमान सहा हजारांचं पायदळ आणि सोबत तोफखाना. बदल्यात काय? फौजेच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी ज्यांचं युद्ध चालू आहे अशा युरोपीय देशाचा माणूस पदरी ठेवायचा नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले वाद इंग्रजांच्या लवादाकडे न्यायचे. इतर सत्तांशी परस्पर बोलणी करायची नाहीत.

इंग्रजांनी दिलेला शब्द पाळला, हे लक्षात घ्या. मे १८०३ मध्ये पेशवे खरोखर पुण्यात परतले, आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या आधाराने. संरक्षणाचं कलम शब्दशः पुरं झालं. पण त्या दिवसापासून पेशव्यांना कोणाशी लढायचं, कोणाशी बोलायचं आणि कोणाला नोकरीवर ठेवायचं हे स्वतः ठरवता येईना.

आता नाटोचं पाचवं कलम घ्या. ‘एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला’ हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की प्रत्येक देश ‘स्वतःला आवश्यक वाटेल ती’ कारवाई करेल, त्यात सशस्त्र बळाचा वापरही येतो. म्हणजे किती मदत करायची हे ज्याच्या त्याच्या हातात. हे शब्द आले ते अमेरिकन सिनेटच्या आग्रहामुळे, कारण युद्ध पुकारण्याचा अधिकार त्यांच्या काँग्रेसकडे आहे आणि तो करारात सोडायला ते तयार नव्हते. थोडक्यात, बलाढ्य देशाने स्वतःचा हात मोकळा ठेवला. दुसरीकडे युरोपातल्या नाटो फौजांचा सर्वोच्च सेनापती १९५१ मध्ये आयझेनहॉवर झाले, तेव्हापासून आजवर ते पद प्रत्येक वेळी अमेरिकन अधिकाऱ्याकडेच आहे.

मित्राला बांधण्याचं याहून उघड उदाहरण कोरियाचं. १९५३ मध्ये युद्धबंदी जवळ आली असताना दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री ऐकायला तयार नव्हते. त्यांना उत्तरेवर चढाई चालूच ठेवायची होती. बोलणी मोडावीत म्हणून जूनमध्ये त्यांनी हजारो युद्धकैदी परस्पर सोडून दिले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्यांच्याशी संरक्षण करार केला. करार अर्थातच उत्तर कोरियाविरुद्ध होता, पण री यांनी पुन्हा स्वतःहून युद्ध पेटवू नये हाही त्याचा तितकाच मोठा हेतू होता. पुढच्या वर्षी तैवानशी करार झाला तेव्हा तिथले अध्यक्ष चँग कै-शेक यांच्या सरकारकडून वेगळं लेखी घेतलं, की आमच्याशी ठरवल्याशिवाय मोठी लष्करी कारवाई करणार नाही.

माझं म्हणणं एवढंच: युती कोणाविरुद्ध आहे हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. युतीत आल्यावर त्या देशाला काय काय करता येईनासं होतं, हेही दर वेळी विचारायला हवं.

---

पूर्वरंग

किल्लेदार, मांडणी आवडली, पण वसई आणि नाटो एका तागडीत घालणं मला पटत नाही.

पहिली गोष्ट, १९४८-४९ मध्ये युरोपच अमेरिकेच्या मागे लागला होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली, मार्चमध्ये ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी ब्रुसेल्सचा करार केला, आणि ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बेव्हिन अमेरिकेला युरोपात गुंतवण्यासाठी अक्षरशः झटत होते. अमेरिकेत तेव्हा दुमत होतं. फिनलंड तर कित्येक दशकं बाहेर राहिला आणि २०२३ मध्ये स्वतःच्या पायांनी आत आला. त्याला कोणी होळकर पाठीशी लावून आणलं नव्हतं. रशिया युक्रेनमध्ये शिरला, ते बघून त्याने ठरवलं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दार आतून उघडतं का, हे बघा. मार्च १९६६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष दगॉल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहून कळवलं की फ्रान्स एकत्रित लष्करी व्यवस्थेतून बाहेर पडतोय आणि फ्रेंच भूमीवरच्या परदेशी फौजांनी निघून जावं. अमेरिकेला राग आला, पण फौजा गेल्या. नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हललं. फ्रान्स करारात राहिला आणि २००९ मध्ये लष्करी व्यवस्थेतही परत आला.

आता दहा वर्षं मागे जा. १ नोव्हेंबर १९५६ ला हंगेरीचे पंतप्रधान इम्रे नॉज यांनी जाहीर केलं की आम्ही वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीतून, बाहेर पडतोय. ४ नोव्हेंबरला पहाटे सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये होते. नॉज यांना पुढे फाशी झाली.

दोन्ही बाजूंना ‘युती’ हाच शब्द वापरायचा आणि दोन्ही मित्राला बांधायची साधनंच म्हणायची, तर मग एका देशाने पत्र पाठवलं आणि दुसऱ्याने प्राण गमावले यातला फरक कुठे ठेवायचा?

---

मध्यान्ह

पूर्वरंग +१.

वॉर्सा कराराच्या फौजांनी एकत्र येऊन एकच मोठी मोहीम केली, ऑगस्ट १९६८ ची, आणि तीही स्वतःच्याच सदस्यावर, चेकोस्लोव्हाकियावर. रुमेनियाने त्यात भाग घ्यायला नकार दिला. अल्बानिया त्यानंतर करारातूनच बाहेर पडला.

---

दारूकोठार

मी या विषयाचा विद्वान नाही. दारूगोळा आणि सुट्या भागांच्या साठ्याच्या कामात बावीस वर्षं काढली, त्यामुळे माझं डोकं कलमांपेक्षा खोक्यांकडे जातं. युती खरी कुठे बांधते ते तिथे दिसतं.

एक उदाहरण काडतुसाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी .२८० इंचाचं नवं काडतूस आणि त्यासाठी ईएम-२ ही रायफल तयार केली. आखूड, हलकी, धक्का कमी. १९५१ मध्ये ब्रिटनने ती स्वीकारल्याचं जाहीरही केलं. पण नाटोत सर्वांचं काडतूस एकच हवं असं ठरत होतं आणि अमेरिकेला स्वतःचं जास्त ताकदीचं ७.६२ मिमीचंच हवं होतं. चर्चिलचं सरकार आलं आणि ईएम-२ गुंडाळली गेली. सगळ्या युतीने ७.६२ घेतलं. गंमत नाही, दुःखाची गोष्ट पुढे आहे. अमेरिकेने दहा-बारा वर्षांतच एम-१६ रायफल घेतली, तिचं काडतूस त्याहून लहान, ५.५६ मिमीचं. १९८० मध्ये नाटोनेही तेच प्रमाण केलं. म्हणजे हलकं काडतूस हवं हा ब्रिटिशांचा विचार चुकीचा नव्हता. फक्त तो मांडणारा देश धाकटा होता.

दुसरं माझ्या हातून गेलेलं. एका परदेशी यंत्राचं रबरी सील होतं, बांगडीएवढं. त्याच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, ती संपली की ते बसवायचं नाही, बाहेरून कितीही नवं दिसलं तरी. पुरवठा करणाऱ्या देशाने आमच्यावर रागावून मंजुरी रोखली. तोफ, इंजिन, तेल, माणसं सगळं जागेवर होतं. यंत्र सात महिने ताडपत्रीखाली उभं राहिलं. मी रोज सकाळी नोंदवहीत ‘सील प्रलंबित’ लिहायचो. आमची तर त्या देशाशी युतीसुद्धा नव्हती, नुसती खरेदी होती. ज्यांची अख्खी हवाई दलं एकाच देशाच्या विमानांवर उभी आहेत त्यांच्या कोठारात काय असेल याचा विचार करा. कलम मोडायला संसद लागते. सील थांबवायला एका कारकुनाची सही पुरते.

---

उंबरठा

दारूकोठार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्याला जोडून तुर्कस्तानची गोष्ट सांगते, कारण तिच्यात कलम आणि खोकं दोन्ही आहेत.

जून १९६४. सायप्रसमध्ये तुर्की वस्तीवर हल्ले चालले होते आणि तुर्कस्तान फौज उतरवण्याच्या तयारीत होता. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी पंतप्रधान इनोनू यांना पत्र पाठवलं. आशय दोन गोष्टींचा. एक, आम्ही दिलेली शस्त्रं आमच्या संमतीशिवाय या कामाला वापरता येणार नाहीत. दोन, तुमच्या पावलामुळे सोव्हिएत संघ मध्ये पडला, तर तुमचं रक्षण करायचं बंधन आपल्यावर आहे का याचा नाटोतल्या मित्रांनी अजून विचार केलेला नाही. तुर्कस्तान तेव्हा बारा वर्षं नाटोत होता, त्याची सीमा थेट सोव्हिएत संघाला लागलेली, आणि त्याला सांगितलं जात होतं की पाचवं कलम लागेल की नाही ते बघू. इनोनू थांबले.

त्याआधी दोन वर्षं, ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच सुटला तो तुर्कस्तानातल्या अमेरिकन ज्युपिटर क्षेपणास्त्रांच्या गुप्त देवघेवीवर. अध्यक्ष केनेडींचे भाऊ रॉबर्ट यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना सांगितलं की तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काही महिन्यांत काढू, पण हे जाहीर करायचं नाही. ज्या देशाच्या जमिनीवर ती उभी होती त्याला या सौद्याबद्दल सांगितलंच नाही. मला हे वाचताना नेहमी वाईट वाटतं. तुर्कांनी ती क्षेपणास्त्रं घेऊन स्वतःवर सोव्हिएत नेम ओढवून घेतला होता, आणि सौदा झाला तेव्हा त्यांना दाराबाहेर ठेवलं.

१९७४ मध्ये मात्र तुर्कस्तान सायप्रसमध्ये उतरला. अमेरिकन काँग्रेसने १९७५ मध्ये शस्त्रबंदी लादली. तुर्कस्तानने उत्तर म्हणून आपल्याकडच्या अमेरिकन तळांवरचं काम थांबवलं. १९७८ मध्ये बंदी उठली.

---

सरहद्द

इथे पाकिस्तानचा विषय अजून कसा निघाला नाही याचं आश्चर्य वाटतंय :)

१९५४-५५ मध्ये पाकिस्तान सीटो (आग्नेय आशियासाठीची युती) आणि बगदाद करार (पश्चिम आशियासाठीची, पुढे सेंटो) या अमेरिकेच्या पाठिंब्याच्या दोन्ही लष्करी युत्यांत गेला. त्याचं लक्ष भारताकडे होतं, अमेरिकेचं सोव्हिएत संघ आणि चीनकडे. एकाच कागदावर सही करताना दोघांच्या मनात वेगवेगळे शत्रू होते. अमेरिकेने सीटो करारात स्वतःपुरती अट लिहूनच घेतली होती की आमची जबाबदारी फक्त कम्युनिस्ट आक्रमणापुरती.

बदल्यात अमेरिकेला काय मिळालं? पेशावर. १ मे १९६० ला गॅरी पॉवर्सचं यू-२ हेरविमान तिथूनच उडालं आणि स्वेर्दलोव्हस्कजवळ पाडलं गेलं. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी पेशावरला उघड धमकी दिली. पाकिस्तानच्या पदरात पॅटन रणगाडे आले खरे, पण सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध सुरू होताच अमेरिकेने दोन्ही देशांचा लष्करी पुरवठा थांबवला. आपली शस्त्रं अनेक ठिकाणांहून आलेली, त्यांची जवळजवळ सगळी एकाच ठिकाणाहून, त्यामुळे बंदीचा मार त्यांना जास्त बसला. दारूकोठार यांच्या सीलचीच गोष्ट ही, फक्त लाखो पटींनी मोठी. सीटो १९७७ मध्ये संपली, सेंटो १९७९ मध्ये.

---

किल्लेदार

पूर्वरंग, तुमचा दाराचा मुद्दा मान्य. दार उघडं असलेली युती आणि बंद असलेली युती यांना एका ओळीत बसवणं चूक होतं. मूळ लेख लिहिताना मी तो फरक सपाट केला.

पण दार उघडं असलं तरी आत असताना काय होतं तेही बघू. हंगेरीचाच महिना घ्या, नोव्हेंबर १९५६. ब्रिटन आणि फ्रान्स, दोघेही नाटोचे संस्थापक, इस्रायलच्या साथीने सुएझवर उतरले होते. तोवर अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवरना विचारलं नव्हतं. अमेरिकेने एकही गोळी झाडली नाही. पौंड घसरत होता, ब्रिटनची डॉलरची गंगाजळी आटत होती आणि नाणेनिधीकडून पैसे हवे होते. अमेरिकेने सांगितलं, आधी युद्ध थांबवा. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री युद्धबंदी झाली आणि डिसेंबर संपायच्या आत त्यांच्या फौजा इजिप्तबाहेर होत्या.

यातून दोघांनी काढलेले धडे उलटे निघाले, आणि मला तो भाग सर्वांत विचार करायला लावतो. ब्रिटनने ठरवलं की पुन्हा कधी वॉशिंग्टनला वगळून पाऊल टाकायचं नाही. १९६२ मध्ये त्याने अणुपाणबुड्यांसाठी अमेरिकन पोलारिस क्षेपणास्त्रं मागितली. आज त्याच्या पाणबुड्यांत ट्रायडंट आहेत, तीही अमेरिकनच. फ्रान्सने ठरवलं की स्वतःचा बॉम्ब हवा. १९६० मध्ये त्याची चाचणी झाली. दगॉल १९६६ मध्ये ते पत्र लिहू शकले त्यामागे हे होतं. म्हणजे दार उघडं असतं, पण बाहेर उभं राहायची ऐपत आधी कमवावी लागते.

---

नवखा

एक शंका. जपान अमेरिकन तळांसाठी स्वतः पैसे देतो असं वाचलं. तळ त्यांचे, संरक्षणाची गरज यांना, मग हे योग्यच नाही का? तक्रार कशाबद्दल असते?

---

उंबरठा

नवखा, चांगला प्रश्न. पैशांची गोष्ट खरी आहे, १९७८ पासून जपान तळांच्या खर्चाचा वाटा उचलतो. तक्रार पैशांपेक्षा जुनी आहे.

८ सप्टेंबर १९५१ ला सॅन फ्रान्सिस्कोत जपानने शांतता करार केला आणि त्याच दिवशी अमेरिकेशी सुरक्षा करारही. स्वातंत्र्य आणि तळ जोडीनेच आले. त्या पहिल्या करारात अमेरिकेने जपानचं रक्षण करायलाच हवं असं स्पष्ट बंधन नव्हतं. उलट बाहेरच्या सत्तेच्या चिथावणीने जपानमध्ये मोठी दंगल उसळली तर, जपान सरकारने मागितल्यावर, अमेरिकन फौज ती मोडायला वापरता येईल असं लिहिलं होतं. आणि अमेरिकेच्या संमतीशिवाय जपानने तिसऱ्या कोणत्या देशाला तळ द्यायचे नाहीत. किल्लेदारांची वसईची कलमं पुन्हा वाचा, कानाला तेच शब्द लागतील.

१९६० मध्ये करार सुधारला, दंगलीचं कलम गेलं, रक्षणाचं बंधन आलं. तरीही तो संमत करताना टोकियोत लाखो लोक रस्त्यावर उतरले, आयझेनहॉवर यांना दौरा रद्द करावा लागला आणि पंतप्रधान किशी पायउतार झाले. आज जपानच्या भूमीच्या ०.६ टक्के असलेल्या ओकिनावात, केवळ अमेरिकन फौजांसाठी राखलेल्या तळांच्या क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. टोकियोला संरक्षण मिळतं, विमानांचा आवाज ओकिनावातल्या घरांत येतो. तक्रार ही आहे.

---

पूर्वरंग

सगळी उदाहरणं मोठ्याने धाकट्याला वाकवल्याची येतायत, म्हणून एक उलटं. पोर्तुगाल. आपल्या जिव्हाळ्याचा विषय, कारण त्यात गोवा आहे.

पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, आणि गोवा हा आपलाच ‘प्रांत’ आहे असं तिथला हुकूमशहा सालाझारचं म्हणणं. मग गोव्यावर कारवाई झाली तर नाटो मध्ये पडेल का, ही भीती पन्नासच्या दशकात खरी होती. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकन परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसोबतच्या निवेदनात गोव्याला पोर्तुगालचे ‘प्रांत’ म्हटलं तेव्हा भारतात संताप उसळला होता. पण कराराच्या सहाव्या कलमाने क्षेत्र ठरवून दिलं होतं: युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेची अटलांटिकमधली बेटं. गोवा त्यात बसत नव्हता. डिसेंबर १९६१ मध्ये आपलं लष्कर गोव्यात गेलं तेव्हा अमेरिकेने सुरक्षा परिषदेत भारताच्या विरोधात मत दिलं, सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला, आणि नाटोचा एकही सैनिक हलला नाही.

पण पोर्तुगालच्या हातात दुसरा पत्ता होता. अझोर्स बेटांवरचा लाजेस तळ. अमेरिकेची अटलांटिक ओलांडणारी विमानं तिथे थांबत आणि त्याचा करार १९६२ अखेर संपत होता. १९६१ मध्ये केनेडी सरकार अंगोलाच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालविरुद्ध मत देत होतं. तळाची मुदत जवळ येत गेली तशी ती भाषा मवाळ झाली. इथे दोर धाकट्याच्या हातात होता, आणि त्याची किंमत अंगोलातल्या लोकांनी मोजली.

---

दारूकोठार

पूर्वरंग, अझोर्सचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

किल्लेदारांनी पैशांपासून सुरुवात केली म्हणून अथेन्सचं सांगतो. इसपू ४७८ मध्ये इराणी साम्राज्याविरुद्ध ग्रीक नगरांनी डेलॉस बेटावर युती केली. कोणी जहाजं द्यायची, कोणी पैसा. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो की बऱ्याच नगरांना खलाशी म्हणून घरापासून लांब जायचा कंटाळा होता, म्हणून त्यांनी जहाजांऐवजी पैसा द्यायचं कबूल केलं. त्या पैशातून अथेन्सने स्वतःचं आरमार वाढवलं. पुढे नॅक्सॉसला बाहेर पडायचं होतं तेव्हा अथेन्सने वेढा घालून त्याला परत आणलं. इसपू ४५४ मध्ये खजिनासुद्धा डेलॉसहून अथेन्सला गेला.

म्हणून ५ टक्के ऐकल्यावर मी आकडा बघत नाही. त्या पैशातून जहाज कोणाच्या गोदीत बांधलं जाणार, ते बघतो.

---

किल्लेदार

दारूकोठार, हा प्रश्न माझ्या मूळ लेखात असायला हवा होता.

पूर्वरंग यांनी उलटं उदाहरण दिलं, तर माझ्याच मताच्या विरोधातलं एक मीही देतो. गेले दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये. १ मार्च २००३. इराकवर उत्तरेकडून चढाई करायला अमेरिकेला तुर्कस्तानातून साठ हजारांवर सैनिक न्यायचे होते. आर्थिक मदतीची मोठी बोलणी झालेली, सरकार अनुकूल. संसदेत मतदान झालं: बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. पहिल्यांदा वाटलं की ठराव संमत झाला. मग नियम तपासला. हजर सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागत होती, म्हणजे २६७. तीन कमी पडली.

चौथ्या इन्फन्ट्री डिव्हिजनचं सामान भरलेली जहाजं तेव्हा तुर्की किनाऱ्याजवळ भूमध्य समुद्रात थांबलेली होती. काही आठवडे ती तिथेच राहिली, निर्णय बदलेल या आशेने. मग त्यांनी दिशा बदलली आणि सुएझमार्गे कुवेतकडे निघाली.